पेटीतला ताप

पिल्लं आली त्या सकाळी वेल्डर खुशीत होता, आणि वेल्डर खुशीत असला की त्याची आई जास्तच जपून वागायची. राग तिला लांबून ओळखता यायचा. खुशी कुठल्या क्षणी उलटेल, ते मात्र तीस वर्षांत तिला एकदाही सांगता आलं नव्हतं.

तिला सगळे आयाबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. फरश्या पुसल्या, बाळं पुसली, मढी पुसली. आता ती रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत मुलाकडे राहत होती. मागे पत्र्याची शेड होती आणि शेडमागे उघडं रान. रानावरून येणारा वारा या दिवसांत हाडं मोजत फिरायचा.

दोन महिन्यांपूर्वी वर्कशॉपच्या मालकाने एवढंच म्हटलं होतं, की जोड वाकडा आलाय. वेल्डरने हातातला हातोडा त्याच्या खांद्यावर घातला. तेव्हापासून आसपासचं एकही वर्कशॉप त्याला दारात उभं करत नव्हतं. घरात बसलेला माणूस भिंतींना जड होतो. हा तर बायकोच्या अंगाला जड झाला होता.

ही पिल्लं सुनेने आणली. लग्नाआधी सहा वर्षं ती हॅचरीत कामाला होती. जुन्या ओळखीवर तिने मालकाला गळ घातली. अडीचशे पिल्लं, एक दिवसाची. तीन आठवडे ऊब देऊन वाढवायची आणि परत द्यायची. ही खेप तगली तर दर महिन्याला खेप. नाही तगली तर काय, ते घरात कुणी बोललं नाही. सुनेच्या डाव्या कानाला दोन महिन्यांपासून नीट ऐकू येत नव्हतं, तेवढं बोलणं पुरेसं होतं.

पिल्लांना ऊब द्यायची पेटी वेल्डरने स्वतः केली. सहा फूट बाय चार फूट, लोखंडी अँगलची चौकट, बाजूंना प्लायवूड, वर जाळीचं झाकण. आत शंभर वॅटचे चार बल्ब एका ओळीत टांगलेले, खाली चार बोटं भाताचं तूस. काम चोख होतं. अँगलचा एक हातभर तुकडा उरला, तो झाकण उडू नये म्हणून वर ठेवला.

शेजारचा टायरवाला बघायला आला. ‘‘काय राव, पिल्लांना बंगलाच बांधलात. आमच्या पोरांना असली ऊब नाही.’’

‘‘तुझी पोरं अंडी घालतात का? मग गप,’’ वेल्डर म्हणाला, आणि दोघं हसले.

सून पेटीभोवती एकदा फिरली. ‘‘कोपरे नसते तर बरं झालं असतं. गारठली की ती कोपऱ्यात घुसतात, एकमेकांवर चढतात. हॅचरीत गोल पत्रा असायचा.’’

‘‘ऐकलंस?’’ वेल्डर टायरवाल्याला म्हणाला. ‘‘आता हिच्यासाठी वेल्डिंग सोडून घागरी घडवतो मी.’’

ती हसली. मग पुठ्ठे वाकवून चारी कोपऱ्यांत बसवले. त्या दिवशी ते चाललं.

खोकी उघडली तशी शेड चिवचिवाटाने भरली. सून एकेक पिल्लू उचलायची, त्याची चोच साखरपाण्यात बुडवायची आणि आत सोडायची. मधूनच एखाद्याचे पाय स्वतःच्या गालाला लावायची.

‘‘हे काय गं?’’ आयाबाईने विचारलं.

‘‘पाय गार लागले की पिल्लू गारठलंय. हाताला कळत नाही, हात राठ असतात. गालाला कळतं.’’ तिने एक पिल्लू सासूच्या गालाशी धरलं. दोन बारीक पाय, कोमट, काडीसारखे. आयाबाईला उगाच गुदगुल्या झाल्या.

हॅचरीवाल्याने फोनवर सांगितलं होतं, पहिला आठवडा पंच्याण्णव डिग्री ठेवा. वेल्डर म्हणाला, ‘‘आई, तुझा थर्मामीटर दे.’’

तो तिचा जीव की प्राण होता. निवृत्त झाली तेव्हा डॉक्टरांनी दिलेला, स्टीलच्या नळीत, कापसात. तिने काढला, सवयीने मनगट तीनदा झटकलं आणि मुलाच्या हातात दिला. त्याने तो पेटीच्या आतल्या बाजूला, पिल्लांच्या उंचीवर, तारेने घट्ट आवळून बांधला.

संध्याकाळी त्याने दोघींना हाक मारली. ‘‘वाचा. पंच्याण्णव! ना एक जास्त, ना एक कमी. याला म्हणतात काम.’’ पिल्लं पेटीभर पसरली होती. काही दाणे टिपत होती, काही पोटावर पसरून झोपली होती. सून म्हणाली, ‘‘छान पसरलीत.’’ त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. थापच होती, तरी ती दचकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पत्र्यावर आलं आणि शेड तापली. पिल्लं बल्बांपासून लांब सरकली, चोची उघडून धापा टाकायला लागली. वेल्डरने वाकून वाचलं, नव्व्याण्णव. त्याने एक बल्ब काढला. ते बरोबरच होतं.

ऊन कललं, वारा सुटला. त्याने पुन्हा वाचलं. नव्व्याण्णव.

‘‘उतरत कसं नाही?’’ तो स्वतःशी म्हणाला आणि आणखी एक बल्ब काढला.

दिवे लागायच्या सुमाराला पिल्लांचा आवाज बदलला. दिवसभर तो सैल, गप्पा मारल्यासारखा होता. आता तो बारीक आणि टोकदार झाला, सगळी एकाच सुरात. सून उठून गेली आणि परत आली. ‘‘अहो, गारठलीत ती. बल्बांखाली दाटलीत. एक तरी बल्ब परत लावा.’’

‘‘थर्मामीटर किती दाखवतो?’’

‘‘त्याचं राहू द्या, पाय गार लागताहेत.’’

‘‘मी विचारलं, थर्मामीटर किती दाखवतो.’’

‘‘नव्व्याण्णव.’’

‘‘मग तुझा गाल जाळ चुलीत,’’ वेल्डर म्हणाला.

सकाळी सतरा पिल्लं मेलेली होती. दोन बल्बांच्या बरोबर खाली ढीग होता. वरची जिवंत, खालची चपटी, ओली, भाकऱ्या थापाव्यात तशी. वेल्डरने थर्मामीटर वाचला आणि आयाबाईने त्याचा श्वास ऐकला. नाकातून लांब आत, आणि मग काहीच नाही. त्याच्या बापाचाही असाच होता. हा श्वास ऐकला की पुढचं सगळं तिला पाठ होतं.

‘‘नव्व्याण्णव,’’ तो म्हणाला. ‘‘दोन बल्ब काढून नव्व्याण्णव. उकडून मेली ही. मी झोपलो की तू बल्ब लावतेस.’’

‘‘मी हातसुद्धा लावला नाही. गारठून...’’

पहिला तडाखा उजव्या कानाखाली बसला, म्हणजे ऐकू येणाऱ्या बाजूला. दुसऱ्याने ती पेटीवर आदळली. ‘‘उकाडा म्हणजे काय, ते तुला कळत नाही ना?’’ त्याने तिचं मनगट पकडलं, झाकण बाजूला केलं आणि तिचा तळवा पेटत्या बल्बावर दाबून धरला. ती ओरडली. शेजारी टायरवाल्याने हवेचा कंप्रेसर चालू केला. वेल्डरच्या घरात आवाज चढला की त्याला कुठल्यातरी चाकात हवा भरायचीच असायची.

आयाबाई दारात उभी होती. हात चौकटीवर होते. तो सुनेला सोडून बाहेर गेला. सून तळवा पाण्याच्या बादलीत घालून बसली, रडली नाही, दातांवर दात दाबून हुंकारत राहिली. आयाबाई पेटीजवळ आली. आतून गारवा वर येत होता, तोंडाला स्पष्ट लागणारा. तिने चष्मा लावून थर्मामीटर बघितला. पारा नव्व्याण्णववर ठाम होता.

आणि तिचं उजवं मनगट आपोआप झटकलं. रिकामंच. हातात काही नव्हतं, तरी तीनदा.

एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं. काखेत ठेव, थांब, वाच, धू, झटक. तापाच्या थर्मामीटरमधला पारा एकदा चढला की आपणहून उतरत नाही. रोगी बरा होवो की मरो, झटकल्याशिवाय तो तिथेच राहतो. काल दुपारी दोनला पेटी किती तापली होती, तेवढं तो सांगत होता. त्यानंतर पेटीत काय झालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

एक वाक्य. मुलाला बोलवायचं आणि एक वाक्य सांगायचं.

तिची जीभ डाव्या गालाच्या आत गेली, जिथे तीन दाढा नव्हत्या. नवऱ्याने पान्याने जबडा मोडला होता. हिशेब चुकलाय, एवढंच तिने चारचौघांत त्याला म्हटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, दवाखान्याच्या ओल्या फरशीवरून घसरले. सगळा दवाखाना हसला. ती फरशी पुसायचं काम तिचंच होतं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. खाटेखालून त्याने सगळं बघितलं होतं, आणि तिला वाटलं होतं, हा पोरगा असा होणार नाही.

चुकलास, हा शब्द या घरातल्या पुरुषांना कसा लागतो ते तिला जबड्यातून माहीत होतं. ती मूग गिळून बसली. चहा केला. सुनेच्या तळव्यावर मलम लावलं, आणि लावताना तिच्या तोंडाकडे बघणं टाळलं.

दुपारी वेल्डर गावात गेला. सून विहिरीवर होती. आयाबाईला वाटलं, वाक्य न बोलताही हे निभावता येईल. तिने पकडीने तार सोडवली, थर्मामीटर काढला, तीनदा झटकला आणि होता तसा बांधून ठेवला. आता तो खरं ते सांगेल. पोरगा वाचेल, बल्ब लावेल. कुणी चुकलं नाही, कुणी बोललं नाही. तिला स्वतःच्या हुशारीचं बरंही वाटलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. तो माणसांचा थर्मामीटर होता. चौऱ्याण्णवच्या खाली त्यावर आकडेच नव्हते.

वेल्डर आला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. ‘‘पारा कुठंय?’’

सुनेने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला.

‘‘पारा कुठंय, म्हणतो मी! सकाळी होता. नळी रिकामी आहे. फोडलीस तू?’’

‘‘मी विहिरीवर होते,’’ सून म्हणाली. ‘‘आईंना विचारा.’’

त्याने आईकडे बघितलं. आयाबाईने तोंड उघडलं. तिने फक्त मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसतं. त्याने त्याला हवा तो घेतला.

पेटीला जोडून उरलेली केबल खुंटीवर होती. ती त्याने दुहेरी केली. आयाबाईने मोजलं नाही, पण कान मोजत राहिले. सून आधी उभी होती, मग गुडघ्यांवर, मग तुसाच्या पोत्याला मिठी मारून. केबल पाठीवरून फिरली की टोक पुढे येऊन गालावर बसायचं, एकदा या, एकदा त्या. कंप्रेसर घरघरत होता. पेटीतली पिल्लं त्याहून वरच्या सुरात चिरकत होती.

दमल्यावर तो थांबला. थर्मामीटर काढून त्याने उलटसुलट बघितला आणि तोंडात धरला. तोंडात तो धरून, हातात केबल धरून, धापा टाकत तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला, दवाखान्याच्या बाकावरच्या एखाद्या गरीब रोग्यासारखा. मग काढून वाचला.

‘‘अठ्ठ्याण्णव. चालू आहे. म्हणजे फुटला नव्हता, हिने काहीतरी खुडबूड केली होती.’’ शर्टाला पुसून त्याने तो पेटीत परत बांधला. न झटकता.

तासाभराने येऊन वाचला. ‘‘बघा! दोन बल्बांवर अठ्ठ्याण्णव. माझी पेटी ऊब धरते. इथे दोघांचं कामच नाही, एक बल्ब पुरे.’’ त्याने तिसरा बल्ब काढून खिशात टाकला आणि जाळीच्या झाकणाला कुलूप घातलं.

आयाबाई ते सगळं बघत होती. त्या पेटीत आता तिच्या मुलाच्या तोंडाचा ताप टांगलेला होता, आणि अडीचशेतली उरलेली पिल्लं त्या तापावर जगायची होती.

सकाळी त्याने कुलूप काढलं. एका कोपऱ्यातला पुठ्ठा ढासळला होता आणि तिथे सगळी घुसली होती, एकावर एक, वीतभर उंच. तो ढिगात हात घालून मेलेली काढायला लागला. प्रत्येक पिल्लू त्याने मोजून भिंतीवर मारलं. ‘‘अकरा. बारा. तेरा.’’ आवाज ओल्या फडक्यासारखा येत होता. विसानंतर तो ती सुनेवर मारू लागला. एक तिच्या छातीवर आपटून खाली पडलं. ते मेलेलं नव्हतं. त्याने पाय एकदा ताणले आणि मग ते मेलं. सून त्या पिल्लाकडे बघत होती.

‘‘एक्केचाळीस,’’ तो म्हणाला. ‘‘अठ्ठ्याण्णववर एक्केचाळीस. विष घालतेस तू. मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवलंयस.’’ त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड पेटीत खाली, उरलेल्या एका बल्बाकडे नेलं. ‘‘डोळ्यांनी बघ. जवळून बघ.’’ तिने दोन्ही हात पेटीच्या काठावर रोवले. जळक्या तळव्याचा फोड फुटला आणि अँगलवर ओलं उमटलं. मान एकेक बोट खाली जात होती.

आयाबाईला तो श्वास ऐकूच आला नाही, किंवा आला असेल. तिने पकड घेतली, तार कापली, थर्मामीटर ओढून काढला आणि पाण्याच्या बादलीत उभा धरला. रात्रभर उघड्यावर राहिलेलं विहिरीचं पाणी होतं, बोटं बधिर करणारं.

‘‘इकडे ये,’’ ती म्हणाली.

‘‘आई, तू मध्ये पडू नकोस.’’

‘‘मध्ये नाही पडत. एवढं वाच. माझा चष्मा नाही.’’

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. दवाखान्यात रात्री ओरडणाऱ्या दारुड्यांना ती याच आवाजात झोपवायची. त्याने केस सोडले नाहीत, सुनेला तसंच ओढत तो बादलीपाशी आला. आयाबाईने थर्मामीटर वर काढला.

‘‘अठ्ठ्याण्णव,’’ तो म्हणाला.

‘‘आता पाण्यात हात घाल.’’

त्याने मोकळा हात बुडवला आणि चटकन काढला.

‘‘पाण्याला ताप आलाय का रे?’’ आयाबाईने विचारलं.

तो बादलीकडे बघत राहिला. शेजारी कंप्रेसर बंद झाला. टायरवाल्याला वाटलं असावं, संपलं.

‘‘हा तापाचा थर्मामीटर आहे. चढतो, उतरत नाही. असा झटकावा लागतो.’’ तिने मनगट तीनदा झटकलं. ‘‘बघ, गेला पारा. परवा दुपारी तू ऊन वाचलंस. काल तुझं स्वतःचं तोंड वाचलंस. पेटी तू एकदाही वाचली नाहीस. ती गारठून मेली, ही पहिल्या दिवसापासून सांगतेय ते खरं आहे. चुकलास तो तू.’’

आता तिला श्वास ऐकू आला. नाकातून, लांब, आत.

‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’ त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या मुठीत केस होते, आणि त्या केसांखालचे दोन डोळेही हाच प्रश्न विचारत होते.

‘‘काल सकाळपासून.’’

त्याने सुनेचे केस सोडले, कारण त्याला तो हात हवा होता. ठोसा डाव्या जबड्यावर बसला, जुन्याच जागी. आयाबाईला हाडाचा आवाज आतून आला. ती बादलीसकट पडली. थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचे बारीक मणी ओल्या जमिनीवरून पळत सुटले. त्याने पाय उचलला. तिने डोळे मिटले नाहीत, म्हणून पुढचं तिला दिसलं.

सुनेने झाकणावर ठेवायचा अँगलचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला होता. पहिला घाव तिने त्याच्या उचललेल्या पायाच्या नडगीवर घातला. तो एका पायावर नाचला आणि त्याने हात पुढे केला. दुसरा घाव त्या हातावर बसला, मनगटाच्या वर. काटकी मोडावी तसा आवाज आला आणि पंजा भलत्याच बाजूला लोंबला. तिसरा तिने उगारला आणि धरून ठेवला. ती त्याच्या डोक्याकडे बघत होती, कुठे मारावं ते ठरवत असल्यासारखी, घाई नसल्यासारखी.

‘‘बास,’’ आयाबाई जमिनीवरून म्हणाली. शब्द तोंडातून धड निघालाच नाही.

वेल्डर हात छातीशी धरून ओरडत मागे सरकला. आईकडे बघून ओरडला, सात वर्षांचा असताना ओरडायला हवं होतं तसा. मग लंगडत बाहेर गेला. टायरवाल्याचा आवाज आला, ‘‘अहो, हात! काय झालं हाताला?’’ वेल्डर म्हणाला, ‘‘पडलो.’’ टायरवाल्याने मोटरसायकल काढली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

सुनेने दाराची कडी आतून लावली. वेल्डरचा कालचा शर्ट खुंटीवर होता, त्याच्या खिशातून तिने बल्ब काढला. त्याने आधी काढून फळीवर ठेवलेले दोनही घेतले. डाव्या हाताने एकेक फिरवून बसवला. चारही लागले. पेटीवर पोती टाकली. कोपऱ्यातला पुठ्ठा परत वाकवून बसवला. हे सगळं करताना तिने सासूकडे एकदाही बघितलं नाही. आयाबाई भिंतीला टेकून बसली होती. जबडा फुगत होता, तोंडातून लाळ आणि रक्त शालीवर गळत होतं.

‘‘काल सकाळपासून,’’ सून पेटीत बघत म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘केबल दुपारी होती.’’

आयाबाईने मान हलवली. या वेळी तिचा अर्थ एकच होता.

सून पेटीत हात घालून एकेक पिल्लू चाचपत राहिली. मग ती ओंजळभर पिल्लं घेऊन आली. मान टाकलेली, पण चोच हलणारी, पेटीची ऊब यायला ज्यांच्याकडे वेळ नव्हता अशी. ती सासूसमोर उकिडवी बसली. तिचे दोन्ही गाल केबलने सुजून काळेनिळे झाले होते, उजवा तळवा फडक्यात.

‘‘मला आज काही कळत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘गाल द्या.’’

तिने एका पिल्लाचे पाय सासूच्या डाव्या जबड्याजवळ आणले.

‘‘हा नको,’’ आयाबाई कशीबशी बोलली. ‘‘हा पेटलाय. याला सगळंच गार लागेल.’’ आणि तिने मान फिरवून उजवा गाल पुढे केला.

‘‘गार?’’

‘‘गार.’’

ते पिल्लू शालीच्या आत, पोटाशी गेलं. ‘‘हे?’’ ‘‘गार.’’ ‘‘हे?’’ तिसऱ्याच्या वेळी आयाबाई थांबली. तो गाल कधी फुटला नव्हता. तिने डोळे मिटून नीट बघितलं.

‘‘कोमट.’’

ते पेटीत गेलं. असं दुपारपर्यंत चाललं. शालीत तेवीस पिल्लं झाली तेव्हा सून म्हणाली, ‘‘आता हलू नका.’’ तिने अँगलचा तुकडा उचलला, पुसला नाही, दाराजवळ आडवा ठेवला आणि त्याच्या बाजूला बसली.

पेटीतला आवाज हळूहळू सैल होत गेला.